अर्धा खाणारे अठरा संगणक

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही अकरा वर्षं कॉलेजात संगणकाची भाषा शिकवली, तुमच्या हातून कसला घोळ होणार? बसा राजेहो, बसा. चहा येऊ द्या. घोळ असा आहे की तो सांगताना मी आजही आधी दार लोटून घेतो.

मी आर्वीच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. राहतो वर्ध्यात. म्हणजे रोज सकाळी एसटी आणि रोज संध्याकाळी एसटी. वाटेतल्या खरांगण्यापर्यंत उभं, पुढे नशीब असलं तर बसायला जागा. वय चोपन्न, कंबर त्याहून जुनी. मी कॉलेजात पोचतो तेव्हा बाकीच्यांचा दिवस सुरू होत असतो आणि माझा निम्मा संपलेला असतो. हे रडगाणं एवढ्यासाठीच सांगतो की पुढे जे घडलं त्यात मूर्खपणा किती आणि थकवा किती, ते तुम्हीच ठरवा.

तर अकरा वर्षांपूर्वी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"सर, यंदा बी.एस्सी.ले 'सी'चा पेपर आला. प्रोग्रामिंग. तो तुम्ही घ्या."

"मी? अहो, मला संगणक चालू करता येत नाही!"

"चालू कशाले करता? शिकवाचा हाये फक्त. अन् तुम्ही गणितवाले. त्याच्यात बेरीज-वजाबाकीच तं हाये!"

नाही म्हणायलाही माणसाच्या अंगात दम लागतो. तो मी एसटीतच संपवून आलेलो होतो. मी हो म्हटलं.

पुस्तक आणलं, वाचलं, समजलं. गणितवाल्याला 'सी' अवघड जात नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फळ्यावर प्रोग्राम लिहायचा, पोरांनी वहीत उतरवायचा. कंपायलर म्हणजे काय? आपण लिहिलेला प्रोग्राम तपासून, चुका दाखवून, तो मशीनला समजेल अशा रूपात करून देणारा. हा प्रश्न पाच मार्कांना येतो. मी तो इतका रंगवून सांगायचो की मागच्या बाकावर झोपलेलाही उठून बसायचा.

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. तो कंपायलर मी स्वतः कधी बघितला नव्हता. अकरा वर्षांत मी एकही प्रोग्राम कंपाइल केलेला नव्हता. अहो, एकही!

मग प्रॅक्टिकल कसं व्हायचं, असंच ना? प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल! विज्ञान शाखेत शिकलेल्यांना सांगायला नको. उजव्या रेघांच्या पानावर पेनानं उद्देश, साहित्य, कृती, प्रोग्राम आणि निष्कर्ष. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं उत्तर. उत्तर कुठून यायचं? मी फळ्यावर काढून द्यायचो! दोन आकड्यांची सरासरी काढायचा पहिला प्रोग्राम. सात आणि आठ. बेरीज पंधरा, भागिले दोन, साडेसात. लिहा रे पोट्टेहो डाव्या पानावर, साडेसात. मी लाल शाईनं बरोबरची खूण करायचो, सही ठोकायचो. सही नसलेलं जर्नल परीक्षेला चालत नाही. बाहेरून परीक्षक यायचे, पोहे खायचे, चार जर्नलं चाळायचे आणि चारची गाडी पकडायचे. सगळं कसं सुरळीत होतं.

आणि संगणक? होते ना! एका खोलीत अठरा संगणक होते, अंगभर कापडी खोळी घालून. पोरं बिघडवतील म्हणून प्राचार्यांनी खोलीला कुलूप लावून ठेवलेलं. दसऱ्याला तेवढं ते उघडायचं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं, आणि मशीन बसू नयेत म्हणून तासभर वीज लावायची. मग पुन्हा खोळी. बारा महिन्यांतून एकदा पुजायचे, वापरायचे नाहीत.

मागच्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं. यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्यानं परीक्षकासमोर संगणकावर प्रोग्राम चालवून दाखवायचा. नुसतं जर्नल चालणार नाही.

पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते कमी होतं म्हणून की काय, दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, ओळखलं का? उज्ज्वला बोलून राह्यली. तळेगावची!"

न ओळखायला काय झालं? उज्ज्वला माझ्या 'सी'च्या पहिल्या बॅचची विद्यार्थिनी. हुशार पोरगी. शिकून आता वर्ध्यातल्याच एका कॉलेजात संगणक शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्यांत संगणकात नाव काढलेली ती एकटी. घरी पाहुणे आले की मी तिचं नाव काढायचोच.

"सर, यंदा तुमच्याकडे परीक्षक म्हणून मीच येऊन राह्यली. इतका आनंद झाला! मी आपल्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो, मले 'सी' आर्वीच्या सरांनी शिकवलं. त्या दिवशी मुहूर्ताचा पहिला प्रोग्राम तुम्हीच चालवा सर. मले पाहाचा हाये."

"हो, हो. त्यात काय!" मी म्हणालो.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. सतरा पोरांच्या मार्कांचं मी बघून घेतलं असतं. पण ही एकच पोरगी जगात माझ्या नावानं 'सी' शिकवत होती, आणि मला प्रोग्राम चालवता येत नाही हे तिच्याच समोर उघडं पडणार होतं. याची मला भारी लाज वाटली. विचारायचं तरी कोणाला? ज्याला विचारावं त्याला कळणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाऊरावांना गाठलं. भाऊराव आमचे प्रयोगशाळेतले शिपाई, माझ्याच वयाचे. खोलीची किल्ली त्यांच्याकडे.

"भाऊराव, संगणकाची खोली उघडा."

"आज? आज कोठी दसरा हाये सर?"

"पूजा नाही. वापरायचे आहेत."

"वापराचे?" भाऊरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरातल्या तांब्यानं अंघोळ करतो म्हणालो. तरी त्यांनी कुलूप काढलं, खोळी काढल्या आणि सवयीनं दोन उदबत्त्याही लावल्या.

माझं नमुन्याचं जर्नल पुढ्यात घेतलं आणि एका बोटानं टाईप करायला बसलो. जर्नलात आहे तसंच्या तसं! एका अक्षराचाही फरक नको, संगणक काटेकोर असतो असं मीच शिकवत आलो होतो. आधी कॉलेजचं नाव. मग प्रॅक्टिकल क्रमांक एक. मग उद्देश: दोन आकड्यांची सरासरी काढणे. साहित्य: संगणक, एक नग. कृती, सहा ओळी. मग प्रोग्राम. मग निष्कर्ष: अशा प्रकारे आपण सरासरी काढली. पाऊण तास लागला. पाठीचा काटा ढिला झाला.

पुस्तकात बघून कंपाइलची बटणं दाबली.

पडद्यावर लाल पट्ट्या! चूक, चूक, चूक. पंचवीस चुका मोजून झाल्यावर त्या कंपायलरनं, खरं सांगतो, स्वतःच हात टेकले. फार चुका झाल्या, असं लिहून तो थांबला. मशीनसुद्धा थकतं हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याच्याबद्दल जरा आपुलकी वाटली.

"काय म्हणून राह्यलं ते?" भाऊरावांनी मागून विचारलं.

"फार चुका आहेत म्हणतो."

"आपल्याले म्हणते? पह्यल्याच भेटीत?"

मी पुस्तक उघडलं. माझंच शिकवलेलं पान. कंपायलरला फक्त प्रोग्राम कळतो. फक्त प्रोग्राम! म्हणजे त्याला आमच्या कॉलेजचं नाव नको होतं आणि एक नग संगणकही नको होता. एकेक ओळ पुसत गेलो. साहित्य पुसलं, कृती पुसली. निष्कर्ष पुसताना मात्र हात जड झाला. निष्कर्षाशिवायचं प्रॅक्टिकल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पुन्हा बटणं दाबली. चुका शून्य!

अहो, काय सांगू तुम्हाला! मी उठून भाऊरावांशी हात मिळवला. चोपन्नाव्या वर्षी माझा पहिला प्रोग्राम कंपाइल झाला होता. आता नुसता चालवायचा.

चालवायचं बटण दाबलं. पडदा एकदा चमकला आणि पुन्हा होता तसा निळा. उत्तर नाही. परत दाबलं. परत चमकला. परत दाबलं. दहा वेळा, पंधरा वेळा. भाऊराव म्हणाले, "सर, मधात काहीतरी काळं दिसते अन् पळून जाते." माझं आपलं दाबणं सुरूच. शेवटी पुस्तकात तळटीप सापडली. उत्तर मागे वेगळ्या पडद्यावर उमटतं, ते बघायला वेगळी बटणं. ती दाबली.

काळा पडदा उघडला. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, एकवीस वेळा, सरासरी सात. सात. सात. सात.

साडेसात नव्हे, सात!

मी चष्मा पुसला. तरी सात. खडू घेतला, फळ्यावर मांडलं. सात अधिक आठ पंधरा. भागिले दोन. साडेसात. भाऊराव हिशेब न्याहाळत होते.

"बरोबरच हाये न सर. पंधरा गाठोडे कापूस दोघा भावायत वाटला, तं साडेसात-साडेसातच येईन. मंग अर्धं गाठोडं कोठी गेलं?"

"तेच तर! कुठं गेलं?"

"मशीननं खाल्लं," भाऊरावांनी निकाल दिला.

आता तुम्हीच सांगा, अकरा वर्षं ज्या उत्तरावर मी लाल शाईनं सही केली, ते उत्तर चूक असेल असं माझ्या डोक्यात कसं यावं? आलंच नाही. मी दुसऱ्या संगणकावर बसलो. सगळं पुन्हा टाईप केलं. सात. तिसऱ्यावर सात. पाचव्यापासून भाऊराव टाईप करू लागले आणि ते माझ्यापेक्षा भराभर करत होते, हेही नमूद करून ठेवतो. जेवणाची सुट्टी होईतो अठराही संगणक झाले. अठराही अर्धा खात होते!

प्राचार्य आले. त्यांनी अठरा पडदे पाहिले, फळ्यावरचा हिशेब पाहिला.

"व्होल्टेज कमी पडून राह्यलं असन सर."

"पण सर, सात बरोबर येतात."

"तेच तं! सातापुरतं पुरते, वरच्या अर्ध्याले पुरत नाई."

थकलेल्या माणसाला असलं स्पष्टीकरण पटतं हो. मला पटलं. शिवाय दोष मशीनचा निघाला याचा मला इतका आनंद झाला की त्या भरात मी प्राचार्यांना पत्राचा मजकूरच सांगायला लागलो. नागपूरच्या ज्या पुरवठादाराकडून संगणक घेतले होते, त्याच्या नावे. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे. 'सदर अठराही संगणक पूर्णांक व्यवस्थित दाखवत असून, दीर्घकाळ बंद राहिल्यामुळे त्यांची अपूर्णांक दाखवण्याची क्षमता संपुष्टात आली आहे. गणित विभागप्रमुखांनी जातीनं तपासून याची खात्री केली आहे.' खाली माझी सही. पदव्यांसकट! पत्र जावक रजिस्टरला चढलं आणि दुपारच्याच टपालानं रवाना झालं. एक प्रत परीक्षकांसाठी राखून ठेवली.

संध्याकाळच्या गाडीत मला जागा मिळाली. मी वर्ध्यापर्यंत झोपून आलो.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली. साडी, खांद्याला पर्स, चेहरा तोच. सगळ्यांसमोर वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात प्राचार्यांनी चहाच्याही आधी तिच्या हातात पत्राची प्रत दिली.

"मॅडम, परीक्षा घ्या, पण मशीनचा हा दोष ध्यानात ठेवजा. पोरायचं नुकसान नको व्हाले."

तिनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिला ठसका लागला आणि भाऊरावांनी पाणी आणलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही तपासलं?"

"जातीनं! अठराही."

"अठराही," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. मला वाटलं, कॉलेजची ही अवस्था बघून पोरीला भरून आलं.

खोलीत नारळ फुटला. सतरा विद्यार्थी आपापल्या संगणकापुढे बसलेले, शेजारी जर्नल. उज्ज्वलानं मला मधल्या खुर्चीत बसवलं. मी एका बोटानं, पण न अडखळता प्रोग्राम लिहिला. कंपाइल केला. चुका शून्य! चालवला आणि लगेच मागचा पडदा उघडून दाखवला. माझ्या मनात आलं, बघ पोरी, तुझ्या सरांना येतं सगळं.

"हे बघा मॅडम," मी पडद्यावर बोट ठेवलं, "सात दिसतात. अर्धा गेला. विद्यार्थ्यांनो, तुमच्याही मशीनवर सातच येईल. घाबरू नका. तो तुमचा दोष नाही, मशीनचा आहे. खरं उत्तर तुमच्या जर्नलात आहे."

सतराच्या सतरा माना खाली गेल्या. मला वाटलं, पोरं धीरगंभीर झाली.

उज्ज्वला फेरी मारायला निघाली. सगळ्यांच्या पडद्यावर सात, सगळ्यांच्या जर्नलात पेन्सिलनं साडेसात. प्रतीक्षा उइके म्हणून एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिच्यापाशी उज्ज्वला थांबली.

"पडद्यावर सात हाये. जर्नलात साडेसात हाये. काऊन?"

प्रतीक्षानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पायांकडे.

"मॅडम, दोनी बरोबर हाये."

"दोन्ही कसे बरोबर?"

"सात मशीनचं हाये. साडेसात सरांचं हाये."

खोलीत कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"म्हणजे?" हे मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"सर, रागावू नका. आमच्या मोबाइलवर 'सी' चालते. पह्यल्याच हप्त्यात आम्ही चालवून पाह्यलं. सातच येते. तुमीच तं शिकवलं, इंट म्हटलं का पूर्ण आकडाच मावते, वरचा अर्धा मशीन सोडून देते."

मीच शिकवलं! हो हो, मीच! त्या क्षणी माझ्याच पुस्तकाचं पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. इंट हा पूर्ण आकड्यांचा डबा. त्यात अपूर्णांक मावत नाही, उरलेला भाग गळून पडतो. दर जुलैत मी हे तावातावानं सांगतो. आणि दोनच पानं पुढे, त्याच डब्यात, फळ्यावर स्वतःच्या हातानं साडेसात कोंबतो. मशीननं काहीही खाल्लं नव्हतं. मी जेवढं मागितलं होतं तेवढंच ते इमानदारीनं देत होतं.

"मग जर्नलात साडेसात का लिहिलंस?" मी विचारलं.

"शिनियरनं सांगतलं होतं सर. सरांच्या जर्नलले साडेसात लिवजो, पेपरात सात लिवजो. नाई तं सही भेटत नाई."

"आणि त्या सीनियरला कोणी सांगितलं?"

"त्यायच्या शिनियरनं."

दरवर्षीची बॅच पुढच्या बॅचला सांगून जात होती. वसतिगृहात कॉट कोणाची, मेसमध्ये भाजी कधी बरी असते आणि सरांसाठी साडेसात. मी ज्यांच्यापासून माझं अज्ञान लपवत होतो, ती पोरं ते ज्ञान माझ्यापासून जपून लपवत होती!

"हे सुरू कोणी केलं?" मी विचारलं.

उज्ज्वला मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

परीक्षा आटोपली. सगळे पास झाले. तिनं सातलाही मार्क दिले आणि साडेसातलाही. व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो तेव्हा ती म्हणाली, "सर, ते मीच."

"तू?"

"पह्यल्या वर्षी मी आर्वीत सायबर कॅफेत जाऊन चालवलं होतं. सात आलं. तेच लिवलं जर्नलात. तुम्ही लाल शाईनं गोल करून वापस केलं. 'साधा भागाकार येत नाही का?' असं लिवलं होतं."

मला आठवत नव्हतं. आठवत नाही याचं जास्त वाईट वाटलं.

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

"आलती सांगाले. तुम्ही स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. दोनदा आली, दोनदा झोपलेलेच. मंग म्हटलं जाऊ दे, साडेसात लिवून टाकू. पुढच्या पोरीयले तेवढं सांगून ठेवलं, त्यायले त्रास नको म्हणून. मले वाटलं, एवढ्या वर्षांत तुम्ही कधीतरी चालवून पाह्यलंच असन."

"काल," मी म्हणालो. "काल पहिल्यांदा चालवलं."

तिनं खांद्यावरची पर्स सावरली. मग म्हणाली, "तरी सर, इंटचं तुमच्यासारखं कोणी शिकवत नाई. खरंच सांगतो." आणि पुन्हा वाकून माझ्या पायांना हात लावला. सकाळी लावला होता तेव्हा माझी मान ताठ होती. आता मात्र ती वर होईना.

नागपूरहून त्या पत्राचं उत्तर कधीच आलं नाही. त्यांनी ते फ्रेम करून दुकानात लावलं असावं, असा माझा अंदाज आहे.

पण मी ठरवलं, पुरे झालं. या वर्षी खोलीचं कुलूप मी स्वतः काढलं. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, उत्तर सात आहे, साडेसात लिहिणाऱ्याला सही मिळणार नाही. आणि सगळ्यांसमोर बसून प्रोग्राम चालवला. पडद्यावर सात उमटले आणि काय आश्चर्य! अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांच्या नोकरीत मला टाळ्या मिळाल्या नव्हत्या हो! फळ्यावरच्या गणिताला कोण टाळ्या देतो? दुसऱ्या प्रॅक्टिकललाही टाळ्या. तिसऱ्यालाही. संध्याकाळी एसटीत दांडी धरून उभा असायचो तेव्हा त्या टाळ्या आठवायच्या आणि खरांगणं कधी मागे गेलं ते कळायचं नाही. मनात म्हणायचो, खरं शिकवणं ते हेच. पोरांना डोळ्यांदेखत घडलेलं दिसलं पाहिजे.

चौथ्या प्रॅक्टिकलला मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर अकरा चुका आल्या. लाल पट्ट्या, वरून खालपर्यंत.

आणि वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला!

"थांबा," मी म्हणालो. "चुका आल्यात. टाळ्या कशाच्या?"

टाळ्या थांबल्या. एकमेकांना कोपरं लागली. पुढच्या बाकावरची सानिका हळूच उभी राहिली.

"सर, प्रतीक्षाताईनं सांगतलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"सरनं बटन दाबलं का टाळ्या वाजवजो म्हणे. लांबून येते ते, थकून जाते. त्यायले बरं वाटते."

खाली मान घालून अकराही चुका दुरुस्त केल्या, पुन्हा बटण दाबलं, आणि टाळ्यांसाठी थांबलो.